घ्यायचं औषध, मारायचं औषध

नामदेव पगारेला एक खोड होती, बोलताना मुद्दा शेवटी टाकायची. म्हणजे तो मुद्दाम करायचा असं नाही, त्याच्या तोंडातून वाक्यच तसं यायचं. आधी अर्धं वाक्य, मग श्वास, मग शेपूट, आणि सगळा अर्थ त्या शेपटात.

एकदा अरुणा, म्हणजे त्याची बायको, सुपरमार्केटमध्ये ट्रॉली भरत होती तर याचा फोन. "अगं, पोलीस आलेत आपल्याकडे." बास. एवढं बोलून हा खोकला. अरुणानं भरलेली ट्रॉली दुधाच्या फ्रीजसमोर तशीच सोडली आणि पळत सुटली. ती रस्ता ओलांडत असताना फोनमधून पुढचं आलं, "आपल्याकडे म्हणजे आपल्या बिल्डिंगमध्ये. वरच्या मजल्यावर. त्यांची सायकल चोरीला गेली."

"अहो," ती भर रस्त्यात ओरडली, "मुद्दा! मुद्दा आधी सांगत जा हो!"

तेव्हापासून घरात 'अहो, मुद्दा' हे वाक्य मीठ मागावं इतक्या सहज वापरलं जायचं. त्यांची मुलगी ईप्सिता, नववीतली, मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्ये देणारी, तीसुद्धा एवढे दोन शब्द मात्र अस्सल मराठीत म्हणायची. "अहो, मुद्दा!" आणि हसायची.

नामदेव लासलगावजवळच्या एका खेड्यातला. पुण्यात रसायनशास्त्र केलं, जर्मनीत पीएचडी केली, आणि आता लुडविग्सहाफेनला राइनच्या काठी एका कंपनीत होता. पिकांवरच्या बुरशीचं काम. काचेच्या चपट्या बशीत बुरशी वाढवायची, तिच्यावर वेगवेगळी रसायनं टाकायची, कुठली मरते कुठली नाही ते बघायचं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं ना? त्याला अजिबात वाटायचं नाही. कारण गेल्या वर्षी त्याच्याकडे कांदा आला होता.

कांदाचाळीत साठवलेल्या कांद्याच्या सालीखाली काळी भुकटी धरते, बोटाला लागते, धुतली तरी नखात राहते. गावाकडे तिला काजळी म्हणतात. नामदेवचं अख्खं लहानपण या काजळीचे कांदे निवडून बाजूला टाकण्यात गेलेलं. आणि आता जर्मनीत, पांढरा कोट घालून, तीच काजळी त्याच्या बशीत वाढत होती! त्याला हे इतकं भारी वाटायचं की पहिल्या दिवशी त्यानं आईला व्हिडिओ कॉल करून बशी दाखवली होती. आई म्हणाली होती, "अरे हे बघायला तिकडं गेलास व्हय?"

तर एका रसायनानं बशीतली काजळी मरत होती. फक्त बशीत. शेतात नाही, चाळीत नाही, अजून कुठेच नाही. पण मरत होती.

एप्रिलमध्ये शेजारच्या मानहाइमला जयंतीचा कार्यक्रम होता. भाड्यानं घेतलेला हॉल, निळे झेंडे, आसपासच्या गावांतून आलेले सगळे इंजिनिअर-संशोधक लोक, पोरांची भाषणं, मग जेवण. तिथे नामदेवला शार्दूलचा फोन आला. शार्दूल त्याचा शाळेतला बाकावरचा मित्र, आता 'कांदेपट्टा लाईव्ह' नावाचं न्यूज चॅनल चालवायचा. चॅनल म्हणजे तो स्वतः, एक मोबाईल आणि एक माइक.

"नाम्या, मुलाखत दे. जयंतीच्या दिवशी आपला माणूस जर्मनीत काय करतोय ते लोकांना कळू दे."

नामदेव खूश झाला. शर्ट नीट केला, झेंडा मागे येईल असा उभा राहिला. आणि इथेच घोळ झाला. कारण मुलाखत म्हटल्यावर त्याला वाटलं शुद्ध बोलावं. काजळी हा शब्द त्याला एकदम गावठी वाटला. मग तो म्हणाला, "काळ्या बुरशीवर औषध सापडलंय आपल्याला." मग श्वास. मग, "म्हणजे कांद्यावरच्या. आणि अजून फक्त प्रयोगशाळेत हं."

शार्दूलनं व्हिडिओ कापला. कुठे कापला असेल? श्वासावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईप्सिता मोबाईल नाचवत किचनमध्ये आली. "पापा, दू बिस्ट विराल!"

खरंच व्हायरल झाला होता. वर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'काळ्या बुरशीवर औषध सापडलं! लासलगावच्या सुपुत्राचा जर्मनीत डंका!' खाली नामदेव, मागे झेंडा. जय भीमच्या कमेंट्स, टाळ्या, 'आम्हाला अभिमान आहे'. गावात चौकात फ्लेक्स लागला. आई फोनवर बोलेचना, नुसती रडत होती. आता कुणाची आई अशी रडल्यावर माणूस हेडिंगमधल्या चुका काढत बसेल का? नामदेवनं तो व्हिडिओ दोन दिवस ट्राममध्ये परत परत बघितला.

अरुणानं एकदाच बघितला. ती म्हणाली, "अहो, कांदा कुठे गेला?"

"म्हटलं होतं ना मी. शेवटी."

"व्हिडिओत नाहीये. आणि काळी बुरशी म्हणजे लोकांना काय वाटेल? करोनाच्या वेळी माणसांना झाली होती ती. डोळे काढावे लागले होते लोकांचे, आठवतंय ना?"

नामदेवचा चेहरा उतरला. त्यानं शार्दूलला फोन लावला.

"अरे, कांदा टाक ना हेडिंगमध्ये."

"कांदा टाकला की कोण बघतंय? कांद्याच्या बातम्या तर आम्ही रोज देतो. जरा दम धर, दोन दिवसांनी टाकतो."

"लोकांचा गैरसमज होईल रे."

"कोण मरत नाही त्यानं. तुझी आई किती खूश आहे ते बघ."

आईचं नाव काढलं आणि नामदेव मऊ पडला. उद्या बोलू म्हणाला.

उद्या त्याच्या आधी वासंतीचा फोन आला.

तो लॅबच्या बाहेर कॉफी घेत होता. भारतातला नंबर, अनोळखी बाईचा आवाज. येवल्याची वासंती, बोलत होती नाशिकच्या हॉस्पिटलमधून. शार्दूलच्या पाया पडून नंबर मिळवला म्हणाली. तिचा मोठा भाऊ भास्कर, शुगरचा पेशंट, त्याला नाकात काळी बुरशी झाली होती. गालाकडून डोळ्याकडे निघालेली. डॉक्टर म्हणत होते आजच ऑपरेशन करा, सडलेलं काढून टाकू, डोळ्याचं सांगता येत नाही. सलाईनमधून औषध चालू होतं पण नुसत्या त्यानं भागणार नव्हतं. आणि भास्कर सही करत नव्हता.

"का?" नामदेवनं विचारलं.

"तुमच्यामुळं," वासंती म्हणाली. "तुमचा व्हिडिओ बघितल्यापासून म्हणतोय, जर्मनीचं औषध आलं की मग बघू, तोवर चिरायचं नाही. कुरिअरनं पाठवा ना साहेब. काय लागेल ते करू आम्ही."

नामदेव भिंतीला टेकला आणि बोलायला लागला. आणि काय बोलला माहितीये? अगदी कंपनीच्या मीटिंगमध्ये बोलावं तसं! "हे बघा ताई, हे संशोधन प्राथमिक अवस्थेत आहे. मानवी वापरासाठी याची चाचणी झालेली नाही. सध्या तरी आपण कुठलाही निष्कर्ष..."

"म्हणजे आहे पण देत नाही," वासंतीचा आवाज बदलला.

"तसं नाही..."

"चाचणी नाही झाली तर आमच्यावर करा की. आम्ही सही करून देतो. मोठ्या लोकांना देत असाल ना? गरिबाला प्राथमिक अवस्था!"

त्यानं जितकं जपून बोलावं तितकं ते तिला टाळाटाळ वाटत होतं. एकेक शब्द खरा होता आणि एकही पोचत नव्हता. नामदेवला एकच दिसत होतं, इथे आपण निष्कर्ष निष्कर्ष करतोय आणि तिकडे त्या माणसाच्या गालात ती वाढतेय.

मग फोनवर खडखड झाली आणि जाडसर, सुजलेल्या तोंडाचा आवाज आला. "कोण? जर्मनीवाला का?"

"हो. नामदेव पगारे. लासलगावचा."

"लासलगावचा? मी तिथल्या मार्केटात मापारी होतो. सगळं आयुष्य कांदा मोजण्यात गेलं." भास्कर थांबून थांबून बोलत होता. "तू आपला माणूस आहेस. डॉक्टरला राहू दे. तू सांग, औषध कधी येतं?"

मापारी! नामदेवनं डोळे मिटले. शुद्ध भाषा गेली, मीटिंग गेली.

"दादा, काजळीचं औषध आहे ते."

"कशाचं?"

"काजळीचं. चाळीतल्या कांद्याची काजळी. तिचं."

तिकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं, चाकांचा आवाज आला. मग भास्कर म्हणाला, "म्हणजे मारायचं औषध?"

"मारायचं. फवारायचं. घ्यायचं नाही दादा. ते घेतलं तर माणूस जाईल."

आता हे आपल्याकडेच होऊ शकतं. डॉक्टर देतो तेही औषध आणि पंपात भरून पिकावर मारतात तेही औषध. कोण बोलतंय, कुठे बोलतंय त्यावरून आपल्याला कळतं. आणि 'अमक्यानं औषध घेतलं' असं हळू आवाजात कुणी सांगितलं तर गावात कुणी विचारत नाही कुठलं म्हणून. भास्करलाही विचारावं लागलं नाही.

"च्यायला," तो म्हणाला. "मग त्या व्हिडिओत काळी बुरशी काय म्हणून बोंबलत होतास?"

"शुद्ध बोलायला गेलो."

"शुद्ध!" भास्कर हसला की कण्हला ते कळलं नाही. "मी तीन दिवस झाले तुझ्या शुद्धापायी डॉक्टरला शिव्या घालतोय."

नामदेवला वाटलं आपण आता रडणार. तो रडला नाही, कारण अजून सही झाली नव्हती.

"दादा, चुकलं माझं. पण आता सही करा."

"डोळा जाईल म्हणतात."

"मी डोळ्याचा डॉक्टर नाही. ते मला नाही सांगता येणार. तुमची बुरशी आणि काजळी एक नाही, वेगळ्या जातीची आहे. पण चाळीत एक कांदा काजळलेला दिसला तर तुम्ही काय करता?"

"काढून टाकतो."

"कधी?"

"दिसला की. थांबलं तर शेजारचा..."

आयुष्यात पहिल्यांदा नामदेवनं वाक्याला शेपूट लावलं नाही.

"वासंते," तिकडून लांबून आवाज आला, "बोलव त्या डॉक्टरला."

फोन बंद झाला. नामदेव सरळ प्रेसेश्टेलेत गेला, म्हणजे कंपनीचं वर्तमानपत्रवाल्यांशी बोलणारं ऑफिस. परवानगी न घेता मुलाखत दिली होती हे आज ना उद्या कळणारच होतं, आणि आता लपवायचं तरी कशाला? तिथल्या फ्राऊ लिंडनर केस पिकलेल्या, चष्मा डोक्यावर अडकवलेला. त्यांनी सगळं ऐकलं, व्हिडिओ बघितला, एक शब्द कळत नसताना दोनदा बघितला. मग म्हणाल्या, "आल्झो, बरं. हेर पगारे, यात कांदा कुठल्या सेकंदाला येतो?"

"येतच नाही. मी शेवटी बोललो होतो. त्यांनी कापला."

"गेनाऊ, अगदी बरोबर. शेवटचं नेहमी कापलं जातं. आमच्याकडच्या पेपरांतही." त्या आधी स्वतः पेपरात होत्या, हेडिंग कसं बनतं त्यांना ठाऊक होतं. "मी इथल्या सगळ्या शास्त्रज्ञांना हेच सांगून थकले. तुम्ही लोक 'पण' शेवटी ठेवता. उंदरांवर प्रयोग केला तर उंदीर शेवटच्या ओळीत. बशीत केला तर बशी शेवटच्या ओळीत. जो शब्द काढला की वाक्य खोटं होतं, तो शब्द पहिला बोला. आणि असा बोला की कापलाच तर वाक्यच उभं राहणार नाही."

"माझी बायको पण हेच म्हणते," नामदेव पडलेल्या आवाजात म्हणाला.

"मग बायकोचं ऐका. आणि पुढच्या वेळी आधी मला फोन करा."

रागावल्या त्या, नाही असं नाही. पण नवा व्हिडिओ करायची परवानगी दिली, कंपनीचं नाव न घेता, आणि टाकायच्या आधी तो कुणाला तरी ऐकवून त्याला काय कळलं ते विचारायच्या अटीवर.

ऐकवला ईप्सिताला. ती सोफ्यावर आडवी, नामदेव समोर उभा. "हे औषध कांद्यासाठी आहे..."

"माणसं कांदा खातात," ती जर्मनमध्ये म्हणाली. "मग माणसांनापण चालेल."

"अगं, असं कसं?"

"मला असं कळलं. तूच विचारलंस काय कळलं."

अरुणा हसून हसून खाली बसली. नामदेव चिडला, परत बोलला, परत चुकला. शेवटी किचनमधून एक कांदा आणला, कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाला, "कांद्याच्या काजळीवर फवारायचं औषध आहे हे, आणि तेही अजून बशीतच आहे, चाळीत आलेलं नाही. माणसाला झालेल्या काळ्या बुरशीशी याचा काडीचा संबंध नाही. तुम्हाला ती झाली असेल तर डॉक्टर आज सांगतात ते आजच करा. हे घेऊ नका. हे औषध घेतलं तर मराल."

ईप्सितानं अंगठा वर केला.

शार्दूलला पाठवला तर तो कुरकुरला. खुलासा कोण बघतो, जुना व्हिडिओ काढला तरी दहा ग्रुपवर फिरतोच आहे, चॅनलची इज्जत जाते वगैरे. नामदेवनं त्याला वासंतीचं सगळं सांगितलं. नंबर शार्दूलनंच दिला होता ना, पण बाई कशासाठी मागतेय हे त्यानं विचारलंच नव्हतं.

"नाम्या, मी म्हणालो होतो ना, कोण मरत नाही त्यानं."

"हो."

"हेडिंग मी देतो," तो म्हणाला. "लोकांनी बघितलंच पाहिजे असं देतो." आणि दिलं. 'लासलगावच्या सुपुत्राचं औषध घ्याल तर मराल!' लाल अक्षरांत, तीन उद्गारचिन्हं. जुना व्हिडिओ काढून टाकला आणि ज्या ज्या ग्रुपवर तो गेला होता तिथे तिथे हा टाकला. गावातल्या फ्लेक्सचं काय करायचं ते कुणाला कळेना. आईनं फोन करून विचारलं, "आता तू मारायचं काय काढलंस रे? काल तर बरं करत होतास." नामदेवनं तिला काजळी म्हटलं, फक्त तेवढंच. "मग तेच सांगायचं ना मेल्या," आई म्हणाली. तिला लगेच कळलं.

हे सगळं झालं तरी वासंतीचा फोन आला नव्हता. ऑपरेशन झालं असेल, नसेल झालं, सही करताना परत फिरला असेल. नामदेव लॅबमध्ये जायचा, बशीतली काळी भुकटी बघायचा आणि त्याला तिचा राग यायचा, खरंतर ती बिचारी कांद्याची. जेवताना फोन ताटाशेजारी. अरुणानं दोनदा म्हटलं, तुम्हीच करा ना. तो म्हणायचा, काय म्हणून करू? मेला का विचारायला करू?

शनिवारी अरुणा सामान आणायला गेली. दुधाच्या फ्रीजसमोर उभी होती, ट्रॉली अर्धी भरलेली, आणि नामदेवचा फोन आला. तिनं उचलला आणि दांडी घट्ट धरली. त्या पोलिसांच्या वेळेपासून त्याचा फोन आला की ती कशाला तरी धरायचीच.

"वाचले," नामदेव म्हणाला.

बास, पहिला शब्द. मग तो थांबला, मग बाकीचं आलं. वासंतीचा फोन आला होता. ऑपरेशन झालं. जबड्याचा एक तुकडा गेला, डावा डोळाही गेला. औषध अजून बरेच दिवस चालणार, सलाईनचं, घ्यायचं. भास्करदादांना अजून नीट बोलता येत नाही पण त्यांनी निरोप दिलाय की उरलेल्या डोळ्यानं त्यांनी नवा व्हिडिओ बघितला आणि यात कांदा दिसतोय.

अरुणाच्या मागची म्हातारी दुधासाठी खोळंबली होती.

"ऐकतेस ना?" नामदेव म्हणाला.

"ऐकतेय हो," ती म्हणाली. डोळे पुसले, म्हातारीला वाट करून दिली, आणि ट्रॉली ढकलत पुढे निघाली.